आधी उतार, मग तलवार

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात, केळना नदीच्या दक्षिण काठावर, कंपनी सरकारचा एक चौतीस वर्षांचा सेनापती घोड्यावरून पलीकडचा मुलूख न्याहाळत होता. नाव आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांचा तळ, भोकरदनपासून थेट आसई गावापर्यंत ऐसपैस पसरलेला. शंभरावर तोफा, पोलमन नावाच्या हॅनोव्हरकडच्या अधिकाऱ्याच्या हुकमतीतल्या कवायती पलटणी आणि नजर पोचेल तिथवर घोडदळ. दोनच दिवसांपूर्वी बदनापुरात ठरलं होतं की वेलस्लीने एका वाटेने आणि कंपनीच्याच दुसऱ्या फौजेच्या कर्नल स्टीव्हन्सनने दुसऱ्या वाटेने जायचं आणि २४ तारखेला दोघांनी मिळून हल्ला चढवायचा. वेलस्लीकडे सारी मिळून सातेक हजार माणसं. शहाण्याने एक दिवस थांबावं असाच हिशोब होता.

त्याने वाटाड्यांना विचारलं, नदीला उतार कुठे आहे? त्यांनी ठासून सांगितलं, शिंद्यांच्या तोफांसमोरचे सोडले तर जवळपास उतार नाही. वेलस्ली आणखी पुढे गेला आणि त्याने दुर्बीण डोळ्याला लावली. नदीच्या अल्याड एक गाव, पल्याड बरोबर त्याच्यासमोर दुसरं गाव. ब्रिटिश कागदांत या गावांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. झालं! दोन गावं दोन काठांवर अशी तोंडासमोर वसली आहेत म्हणजे माणसांची रोजची येजा असणार, आणि येजा असेल तर पाण्यात पाय टाकायला जागाही असणार. एका अधिकाऱ्याला बघायला पाठवलं. उतार होता. तो राखायला मात्र कोणी नव्हतं.

मराठी माणसाला हे वाचताना चरफडायला होतं, आणि व्हायलाच हवं. पण व्हिडिओ गेमचा नाद असलेल्याला इथे आणखी काहीतरी दिसतं. गेम खेळणाऱ्यांत एक जुना वाद आहे: मारामारीचा गेम घ्यावा की नुसता भटकायचा? एका बाजूला बंदुका, तलवारी, राक्षस, घामेजलेले तळवे. दुसऱ्या बाजूला धुकं, ओसाड बेट, रिकामं घर, दूरवर एक डोंगर, आणि शत्रू नावालाही नाही. पहिल्या पंथाचे लोक दुसऱ्याला ‘चालण्याचा गेम’ म्हणून हिणवतात. दुसऱ्या पंथाचे पहिल्याला पोरकट ठरवतात. आसईला त्या दुपारी हे दोन्ही गेम एकापाठोपाठ खेळले गेले, आणि निकाल लागला तो पहिली गोळी सुटायच्या आत. दोन्ही गेमच्या पोटात काय चालतं हे पाहू लागलो की हा वाद किती वरवरचा आहे ते कळतं.

मारामारीपासून सुरुवात करू, कारण तिची यंत्रणा जास्त चकित करणारी आहे. साधारण चांगल्या गेममध्ये पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रेखाटलं जातं. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद. डोळ्याला काही दिसून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. शत्रूने वार करायला सुरुवात केली आणि तुमचं बोट हललं, एवढ्यात बारा ते पंधरा चित्रं निघून गेलेली असतात. या हिशोबाने प्रत्येक वार तुमच्या अंगावर बसायला हवा. बसत नाही, कारण गेम बनवणारे शत्रूला आधी खांदा मागे घ्यायला लावतात, त्याचं हत्यार चमकवतात, त्याला गुरगुरायला लावतात. तो वार करतोय असं तुम्हाला वाटतं. खरं तर तो तुम्हाला आगाऊ निरोप देत असतो.

तुमचा वार बसतो तेव्हा याहून गमतीचं काहीतरी घडतं. दोनचार चित्रांपुरतं सगळं जग थिजतं. तलवार शत्रूच्या अंगात जिथे आहे तिथेच थांबते, मग सुटते. इतक्या कमी वेळात डोळ्याला हे थांबणं कळत नाही, पण हाताला वजन जाणवतं. हातात काय असतं? मोबाइलची काच नाहीतर प्लास्टिकचा कंट्रोलर. हाडामांसावर लोखंड आदळल्याचा भास नुसत्या अडवलेल्या वेळातून तयार होतो. मला अजूनही याचं नवल वाटतं.

आणि गर्दी? दहा राक्षसांनी घेरलं तर कोणीही मरेल. म्हणून २०१६ च्या ‘डूम’मध्ये शत्रूंना टोकन वाटले जातात. ज्याच्याकडे टोकन त्यानेच हल्ला करायचा, बाकीच्यांनी नुसतं घोंघावत राहायचं. गावच्या तालमीत वस्ताद एकेकालाच हौद्यात उतरवतो, तसंच. ‘बायोशॉक’ या २००७ च्या गेममध्ये शत्रूची पहिली गोळी मुद्दाम चुकवली जाते, म्हणजे तुम्हाला आडोसा शोधायला वेळ मिळतो. काही गेममध्ये प्राणाच्या पट्टीचा शेवटचा तुकडा दिसतो त्यापेक्षा जास्त मार सोसतो. ‘अगदी थोडक्यात वाचलो रे!’ म्हणून तुम्ही ज्या लढाईनंतर उडी मारता, ती लढाई बहुतेक वेळा आधीच तुमच्या बाजूने कलती करून ठेवलेली असते. हे कळल्यावर काहीजण चिडतात. मला त्या कारागिरांबद्दल आदर वाटतो. हरवायचं नाही पण हरण्याची भीती शेवटपर्यंत ठेवायची, हे काही सोपं काम नाही.

आसईला अशी मेहेरबानी कोणी केली नाही. वेलस्ली नदी ओलांडून केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिरला. त्याचा अंदाज होता की एवढी मोठी फौज जागची हलणार नाही, आपण तिला बगलेत गाठू. पण पोलमनच्या पलटणी कवायतीत वळावं तशा वळल्या आणि नवी फळी बांधून समोर उभ्या राहिल्या. तोफांनी इंग्रजांची रांग फाडली. ७४ वी हायलँडर पलटण चुकीच्या रोखाने थेट आसई गावाच्या तोफांसमोर गेली आणि जवळजवळ संपली. तोफा ताब्यात आल्या म्हणून शिपाई पुढे सरकले, तर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठ्यांचे गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला, दुसऱ्याला भाला लागला. संध्याकाळी ९८ तोफा कंपनीच्या हाती लागल्या. पण कंपनीचेही दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले, म्हणजे प्रत्यक्ष लढलेल्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा. तुमच्या आयुष्यातली सर्वांत सरस लढाई कोणती, असं विचारलं की वेलस्ली म्हातारपणीही वॉटर्लूचं नाव न घेता आसईचं घेई, अशी आठवण सांगतात.

आता भटकंती. या गेममध्ये मारणारं कोणी नाही आणि घड्याळही नाही. मग खेळणारा पुढे का जातो? कंटाळून फोन खाली का ठेवत नाही?

निन्तेंदोच्या लोकांनी २०१७ साली ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ बाहेर आल्यावर आपल्या एका युक्तीबद्दल जपानमधल्या परिषदेत सांगितलं. त्यांनी त्या अवाढव्य जगात जागोजागी त्रिकोण पेरले होते: मोठे डोंगर, मधल्या टेकड्या, लहान खडक. त्रिकोण समोर आला की माणसापुढे प्रश्न उभा राहतो, वर चढू की वळसा घालू? आणि त्रिकोणामागे काहीतरी लपतं. वळसा घालताना ते हळूहळू डोकावतं: आधी कळसाचं टोक, मग भिंत, मग दार. ते काय आहे हे बघायला निघावं तर वाटेत दुसरा त्रिकोण आणि त्यामागे तिसरं काहीतरी. कोणी ढकलत नाही, बाण दाखवत नाही, तरी माणूस तासन्‌तास चालत राहतो. भोकरदनहून उत्तरेला अजिंठ्याच्या रांगेकडे मोटारसायकलने गेलात तर हेच अनुभवाला येईल. सपाट रानात गाडी वेगात जाते आणि डोंगर जवळ आला की आपोआप सावकाश होते, कारण आता प्रत्येक वळणाआड काहीतरी असणार हे डोळ्याने ताडलेलं असतं.

दुसरी युक्ती वेलस्लीच्या दुर्बिणीतली. दोन खुणा ठेवायच्या आणि तिसरी गोष्ट खेळणाऱ्याच्या डोक्यात तयार होऊ द्यायची. २०१३ च्या ‘गॉन होम’मध्ये एक मुलगी परदेशातून घरी येते तर घर रिकामं. ना भूत ना चोर. कपाटातले कागद, फाडलेली चिठ्ठी, कुलूप लावलेली खोली, एवढ्यावरून त्या कुटुंबाचं गेलं वर्ष कसं गेलं ते आपण जुळवत जातो. कोणी काही सांगत नाही. म्हणूनच जे कळतं ते आपलं वाटतं.

हे वाचून कोणाला पुरातत्त्व आठवलं तर ते बरोबरच आहे, आणि त्यासाठी केळनेचा काठ सोडायची गरज नाही. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव येतं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं इतक्या लांब जाऊन दगडावर आपल्या गावाचं नाव कोरवून घेत होती. १९७० च्या दशकात इथे उत्खनन झालं आणि सातवाहन काळातलं एक गजबजलेलं नगर मातीखालून वर आलं. मणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंताचं काम. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती होती, आणि तिचं साम्य निघालं ते कोणाशी, तर इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीशी. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरातली ती बाई आज नेपल्सच्या संग्रहालयात उभी आहे. ती सातवाहनांच्या मुलखातून, कदाचित याच भागातून गेली असावी, असं मानणारे अभ्यासक आहेत. एक खूण इथे, एक खूण तिथे. मधला समुद्र, जहाज, व्यापारी, सौदा हे सगळं आपण डोक्यात भरायचं. गेमच्या भाषेत सांगायचं तर भोकरदन हा भटकंतीचा नकाशा आहे आणि तिथून नदीकाठाने खाली आसईपर्यंतचा पट्टा लढाईचा. नदी तीच. आणि समर्थ रामदासांचं जांबही याच जिल्ह्यातलं: परंपरा सांगते की त्यांनी आधी बारा वर्षं देश पालथा घातला आणि बलोपासनेचे मारुती मागाहून बसवले. क्रम लक्षात घ्या.

गेमच्या इतिहासातही दोन्ही पंथ जुळ्या भावंडांसारखे एकाच वर्षी मोठे झाले. २४ सप्टेंबर १९९३ ला ‘मिस्ट’ आला आणि १० डिसेंबरला पहिला ‘डूम’. ‘मिस्ट’ रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांचा. ओसाड बेट, सुमारे अडीच हजार स्थिर चित्रं, एकही शत्रू नाही, मरण नाही. माउसने टिचकी मारायची, पुढचं चित्र यायचं आणि लाटांचा आवाज येत राहायचा. ‘डूम’ जॉन कारमॅक, जॉन रोमेरो आणि त्यांच्या चमूचा: मंगळाच्या चंद्रावर राक्षस आणि हातात शॉटगन. त्यातली वेगवान जगं त्या काळच्या साध्या कॉम्प्युटरवर पळवायला कारमॅकने जे गणित वापरलं, त्यावर आजही लोक व्याख्यानं देतात. बाजाराने त्या वर्षी निवड केलीच नाही. दोन्ही तुफान चालले.

पुढची गंमत जास्त बोलकी आहे. २००८ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात डॅन पिंचबेक यांनी संशोधनाचा भाग म्हणून एक प्रयोग केला. ‘हाफ लाइफ २’ या गाजलेल्या गोळीबाराच्या गेमचा सांगाडा घेतला आणि त्यातून बंदूक, शत्रू, कोडी सगळं काढून टाकलं. उरलं एक बेट, वारा, आणि पत्रांचे तुकडे वाचणारा एक आवाज. त्याचं नाव ‘डिअर एस्थर’. २०१२ मध्ये तो नव्या रूपात विकायला आला आणि भटकंतीच्या गेमची एक अख्खी परंपरा त्याच्यामागून निघाली. म्हणजे ही परंपरा मारामारीच्याच पोटातून जन्मली. पाहायची सोय त्या जगात आधीपासून होती. बंदूक समोर असल्यामुळे तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नव्हतं, एवढंच.

उलटी गोष्टही खरी आहे. भटकंतीच्या जगात मारामारी कशी उगवते हे ‘जर्नी’ बनवणाऱ्यांनी स्वतः पाहिलं. जेनोवा चेन यांच्या चमूने २०१२ मध्ये हा गेम आणला: वाळवंट, दूरवर शिखर, शिखरावर उजेड. वाटेत एखादा अनोळखी सोबती भेटतो, तोही जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेला खरा माणूस. नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. गेम बनत असताना सुरुवातीला दोघांना एकमेकांना धक्का लागायचा. मग लोकांनी काय केलं? सोबत्याला कड्यावरून ढकलायला सुरुवात केली! बनवणाऱ्यांनी धक्का काढून टाकला आणि त्याऐवजी एकमेकांजवळ आलं की दोघांनाही उडायची ताकद मिळेल असं केलं. तीच माणसं आता एकमेकांना चिकटून चालू लागली. माणूस बदलला नव्हता, फक्त जगाने त्याला कशाचं बक्षीस द्यायचं ते बदललं होतं. मी माझ्या भाच्याला हा गेम दिला तेव्हा पहिल्या काही मिनिटांत त्याने विचारलं, “मामा, यात मारायचं कधी?” थोड्या वेळाने तो सोबत्याला हरवल्यामुळे कासावीस होऊन सूर काढत बसला होता.

आपल्या गावात मात्र खरा प्रश्न मोबाइलचा असतो, आणि मोबाइल म्हटलं की पबजी. २ सप्टेंबर २०२० ला त्याच्यावर बंदी आली, २०२१ च्या जुलैत तो बीजीएमआय नावाने परतला, पुन्हा बंद झाला, पुन्हा आला. ‘कव्हर दे’, ‘झोनमध्ये ये’, ‘पुश करू नको रे’, ही भाषा जालन्यातल्या कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येते. घरातली मोठी माणसं म्हणतात, नुसती मारामारी. त्यांनी एक सामना पूर्ण बघावा. शंभर माणसं छत्रीने उतरतात आठ किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद बेटावर. त्यातल्या एका खेळाडूच्या हिशोबाने बराचसा वेळ गोळी सुटतच नाही. तो घरं धुंडाळतो, दारं उघडी आहेत का बघतो (उघडं दार म्हणजे कोणीतरी येऊन गेलं), पावलांचा आवाज कुठून येतो ते हेडफोनमधून ताडतो, पुलावरून जावं की पाण्यातून याचा विचार करतो. शेवटच्या वर्तुळात जो वाचतो तो सहसा सर्वांत चपळ नसतो. ज्याने आधी जागा बघून ठेवली तो वाचतो. पबजीचे पट्टीचे खेळाडू खरे तर पट्टीचे भटके असतात आणि त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

दोन्ही प्रकारांचा मेंदूवर होणारा परिणाम वेगळा आहे असं सुचवणारे प्रयोगही आहेत. २००३ मध्ये शॉन ग्रीन आणि डॅफ्ने बावेलिए यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की धावत्या मारामारीचे गेम खेळणाऱ्यांना एका नजरेत जास्त गोष्टी टिपता येतात, आणि पूर्वी न खेळणाऱ्यांना खेळायला लावलं तर त्यांच्यातही फरक पडतो. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात क्लेमेन्सन आणि स्टार्क यांनी विद्यार्थ्यांना दोन आठवडे, रोज अर्धा तास गेम दिले: काहींना सपाट पडद्यावरचा ‘अँग्री बर्ड्स’, काहींना त्रिमितीत हिंडायचा ‘सुपर मारिओ’. हिंडणाऱ्यांची स्मरणशक्ती चाचणीत सुधारली, दुसऱ्यांची नाही. वाट लक्षात ठेवणारा आणि आठवणी जपणारा मेंदूतला भाग एकच, हिप्पोकॅम्पस, हे त्यामागचं कारण असावं. हे प्रयोग लहान आहेत, त्यावरून पोरांना औषधासारखे गेम पाजू नयेत. पण मारामारीने नजर रुंदावते आणि भटकंतीने आठवण मुरते, एवढं म्हणायला हरकत नाही.

दोन्ही एकाच ताटात हवं असेल तर पुण्याकडे बघा. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. २०१७ मध्ये त्यासाठी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली होती, ठरवलेली रक्कम जमली नाही, तरी हे लोक थांबले नाहीत. राजी नावाची सर्कशीतली मुलगी असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघते. हातात त्रिशूळ, धनुष्य. दुर्गा आणि विष्णू तिची वाटचाल पाहत आपसात बोलत असतात. महालांवर राजस्थानी वास्तूची छाप, चित्रांवर पहाडी लघुचित्रांची. माझं मत सांगतो: यातली मारामारी बरी आहे, लवकर सवयीची होते. पण मध्येमध्ये भिंतींवर चित्रं येतात. राजीला तिथे उभी करून बटण दाबलं की त्या चित्रातली पुराणकथा कानावर पडते. मारामारी झटपट उरकून लोक पुढच्या भिंतीकडे धावतात. मी धावलो. चित्रांच्या त्या भिंतींसाठी मारामारी केली, असं क्वचितच होतं.

आणखी एक सोय अलीकडे आली आहे, जी निवडीचा प्रश्नच अर्धा सोडवते. ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ या खूनखराब्याच्या गेममध्ये २०१८ च्या फेब्रुवारीपासून ‘डिस्कव्हरी टूर’ आहे: लढाई बंद, प्राचीन इजिप्त चालू. पिरॅमिड चढा, अलेक्झांड्रियाच्या गल्ल्यांत हिंडा, कोणी तलवार काढत नाही. ‘सोमा’ या समुद्रतळाच्या भयकथेत २०१७ च्या शेवटी असा पर्याय दिला गेला की राक्षस दिसतील पण जीव घेणार नाहीत. तेच जग, तीच वाट, फक्त भीतीची चावी तुमच्या हाती. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी गेम सोडला तो बोटं चालत नाहीत म्हणून, कुतूहल संपलं म्हणून नाही.

आता नेमकं काय घ्यावं? दिवसभर डोक्याला ताप झाला असेल आणि काही तरी फोडावंसं वाटत असेल तर मारामारी घ्या, तिच्यासारखा उतारा नाही. रात्रीची शांतता हाताशी असेल, हेडफोन असेल, तर भटकंती. दमलेल्या माणसाने भटकंतीचा गेम रेटू नये, झोप लागते आणि दोष गेमला जातो. पण आयुष्यात पहिल्यांदाच गेम घेत असाल, किंवा घरातल्या पोराला पहिला चांगला गेम द्यायचा असेल, तर माझा कौल स्पष्ट आहे: आधी भटकंतीचा. पाहायला शिकलेला माणूस मारामारी चार दिवसांत शिकतो. उलट होताना मी फारसं पाहिलेलं नाही. ‘जर्नी’ बनवणाऱ्यांचाच ‘स्काय: चिल्ड्रन ऑफ द लाइट’ मोबाइलवर फुकट आहे, तिथून सुरुवात करा आणि निदान एक तास तरी द्या. ‘राजी’ला पैसे पडतात. बीजीएमआय तुमच्या फोनमध्ये बहुधा आधीच आहे.